पेवापाशी नसलेलं झाड

आमच्या गावात नवा माणूस आला की त्याला आम्ही आधी एकच गोष्ट सांगतो: पाय आपटून चालू नका. खाली पेवं आहेत. ईट गावापासून तीन कोसांवर मुरमाच्या उंचवट्यावर गाव वसलंय, आणि वाडवडिलांनी ज्वारी साठवण्यासाठी तो उंचवटा आतून पोखरून ठेवलाय. पेवाचं तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, पोट मात्र खोलीएवढं. वर दगडी झाकण, त्यावर शेणमाती. काही पेवांचे मालक कोण हे आता कुणालाच सांगता येत नाही. गल्लीतून बैलगाडी चालली की मध्येच चाकांचा आवाज बदलतो, आणि आमच्या वयाची माणसं तिथं नकळत पाऊल हलकं टाकतात.

माझा दोस्त मुनवर मास्तर तर पुढं जन्मभर चवड्यांवरच चालला. शाळेतली पोरं त्याच्या पाठीमागं तशीच चालून दाखवायची. तो का तसा चालतो हे मला माहीत होतं, आणि मी का पोरांना शिव्या घालतो हे त्याला.

आम्ही दोघं निजामाच्या राज्यात एकाच वर्गात उर्दू शिकलो. मी, उत्तरेश्वर, पुढं नांगराच्या मागं लागलो आणि तो गावच्या उर्दू शाळेत मास्तर झाला. मोहरमच्या ताबुतासाठी काचा रंगवाव्यात त्या त्यानंच. राळ वितळवून तिच्यात तो रंग कालवायचा, आणि त्या काचेमागं दिवा ठेवला की लाल रंग असा पेटायचा की बघणारा हात लावून बघायचा. सरळ माणूस. त्याला खोटं बोलता यायचं नाही. पण आयुष्यात एकदा तो बोलला, आणि ते मी त्याला बोलायला लावलं.

तेव्हा सुट्टी शुक्रवारची असायची. नमाज झाली की दुपारी चावडीच्या ओट्यावर मुनवर किताब वाचायचा. त्याच्या वडिलांनी हैदराबादेहून आणलेली, लिथोवर छापलेली, कोपरे वाळवीनं खाल्लेली ती एक कादंबरी होती. तिचं नाव लांबलचक होतं, म्हणून गावानं तिला पेवाची किताब करून टाकलं. तिच्यात एक हकीम जमिनीत उतरणारी पितळी बैठक तयार करतो. एक वीत खाली गेलं की शंभर वर्षं पुढं. सगळ्यात तळाशी पुन्हा आपलंच गाव, पण हजार वर्षांनंतरचं. तिथल्या माणसांना तोंडं नाहीत. ती बोटांच्या पेरांनी भिंतीवर वाजवून एकमेकांशी बोलतात. मूळ किताबीत तळघर होतं म्हणे. मुनवरनं त्याचं पेव केलं, आणि आम्ही सगळे अंग चोरून ऐकायला लागलो.

पेवाचे नियमही त्यानं गोष्टीत आणले. आमच्याकडं पेव उघडलं की एक दिवस तसंच ठेवतात. मग दोरीला कंदील बांधून आत सोडतात. कंदील विझला तर आतली हवा वाईट, माणूस उतरवायचा नाही. कुणी उतरलाच तर वरच्यानं हाका मारत राहायचं आणि खालच्यानं ओ देत राहायचं. ज्या हाकेला ओ आली नाही, त्या हाकेला दोर ओढायचा. शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं.

आणखी एक रीत होती. गोष्टीला हुंकारा लागतो, आणि जो हुंकारा देतो त्याचंच नाव गोष्टीतल्या नायकाला. हुंकारा द्यायला पुढं बसायचा हुसेनबीचा एकुलता एक पोरगा, बाबामियाँ. एकोणीस वर्षांचा, कापूस पिंजायचा, अंगावर कायम पांढरे तंतू. म्हणून किताबीतला हकीमही बाबामियाँ झाला. मुनवर आवाज चढवून खाली हाक मारायचा, "बाबामियाँ हो!" आणि समोर बसलेला बाबामियाँ मान खाली घालून, लांबून आल्यासारखा म्हणायचा, "हाऽय!" ओट्यावरची मोठी माणसं त्या 'हाय'ला दचकायची. मीही दचकायचो.

शेवटची दोन प्रकरणं राहिली होती. सप्टेंबर अठ्ठेचाळीसातल्या ज्या शुक्रवारी ती वाचायची, त्याच दिवशी निजामाचं राज्य बुडालं.

पुढच्या आठवड्याचं मी फार बोलत नाही. रझाकारांनी लोकांना छळलं होतं हे खरं. पण त्याचा राग ज्यांच्यावर निघाला त्यांनी कुणाचं कणीससुद्धा चोरलं नव्हतं. बाहेरगावचा जमाव येतोय असं कळल्यावर माझ्या आईनं मुसलमान गल्लीतल्या बाया आमच्या घरात आणून बसवल्या. मुनवर आमच्या कडब्याच्या गंजीत लपला. हुसेनबी सगळ्यांत शेवटी आली, एकटी. पोराचं विचारलं तर काही बोलेना. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं माझ्या आईच्या कानात सांगितलं. त्याला तिनं अंगणातल्या पेवात उतरवलं होतं आणि वर झाकण लावलं होतं.

जमाव निघून गेला होता. पाऊस भुरभुरत होता. मी आणि मुनवर धावत गेलो, झाकण सरकवलं, हाक मारली. ओ आली नाही. कंदील सोडला तर दोन हात खाली जाऊन विझला. त्या पेवात तळाला जुनी ज्वारी होती, पावसाळ्यानं ओलावलेली, आणि तिच्यावर ती वाईट हवा साचलेली. आम्ही गळ टाकून त्याला वर काढलं. अंगावर एक ओरखडा नव्हता. फक्त उजव्या हाताची पेरं सोलवटली होती आणि त्यांत पेवाच्या भिंतीची माती भरली होती.

त्यानं भिंतीवर वाजवलं होतं. वर कुणी नव्हतं.

मुनवर म्हणाला, हुसेनबी खालाला बोलवू. मी म्हणालो, काय सांगशील तिला? की तुझ्या हातानं तू त्याला उतरवलंस, आणि तुझ्याच हातानं झाकण लावलंस? बाबामियाँला आम्ही गोणपाटात गुंडाळून माझ्या शेतात नेलं. बांधाजवळ दोन खोडांचा हिवर आहे, त्याची एक फांदी वाकून जमिनीला टेकलेली. तिच्याखाली खड्डा खणला. मुनवर पुटपुटत नमाज पढला, आणि मी पावसात टोपी काढावी की घालावी हे न कळून तसाच उभा राहिलो.

तिसऱ्या दिवशी हुसेनबी घरी गेली. पेव उघडं, रिकामं. तिनं मुनवरला विचारलं, "कुठं गेला?"

मुनवर माझ्याकडं बघत होता. मी नको म्हणून मान हलवली.

"गेला आसंल, खाला," तो म्हणाला. "वर येऊन गेला आसंल कुटंतरी."

हुसेनबी पेवाच्या काठावर बसली होती. खाली बघत म्हणाली, "किताबातल्यावानी?"

याचं उत्तर गावानं दिलं. कुणी म्हणालं हैदराबादेत दिसला, कुणी म्हणालं कराचीला पोचला, आणि बाया हळू आवाजात म्हणायला लागल्या की तो खालीच आहे, शेवटचं प्रकरण वाचल्याशिवाय वर येणार नाही. लोकांना खरं नको असतं असं नाही, पण चांगली गोष्ट मिळाली की ते खऱ्याची वाट बघत बसत नाहीत.

उर्दू शाळा बंद झाली. मराठीची परीक्षा पास व्हा नाहीतर घरी बसा, असं मुनवरला कळवण्यात आलं. तिशीतला माणूस पहिलीच्या पोरांशेजारी बसून ग म भ न गिरवायचा. एकदा नापास झाला, दुसऱ्यांदा पास झाला. त्याचं मराठी अक्षर मात्र शेवटपर्यंत लिहिल्यासारखं नव्हतं, रंगवल्यासारखं होतं. तो मराठी शाळेत मास्तर झाला, लग्न मात्र केलं नाही. मी विचारलं की म्हणायचा, "घरात बाई आली की तिला सांगावं लागंल."

हुसेनबीनं त्या पेवात पुन्हा दाणा टाकला नाही. दर गुरुवारी, म्हणजे जुमेरातीला, दुपारी ती झाकण काढायची, दोरीला कंदील बांधून आत सोडायची आणि बघत बसायची. पेव आता कोरडं, हवा चांगली, कंदील नीट जळायचा. बराच वेळ ज्योत बघून ती कंदील वर घ्यायची, झाकण बसवून त्याला कान लावायची आणि उठायची. अकरा वर्षांत एक गुरुवार चुकला नाही. बाया म्हणायच्या, तिच्या अंगणात वाजतं. मी अशा गोष्टींना हसणारा माणूस. एकदा भर दुपारी तिच्याकडं लाकडाची मोळी टाकायला गेलो आणि पायाखाली टक्, टक्, टक् असं झालं. म्हटलं, उंदीर. रिकाम्या पेवात उंदीर कशाला राहतील, हे घरी पोचल्यावर सुचलं. त्या दिवशी मी जेवलो नाही.

एकोणसाठ साली विकास गटाचा ग्रामसेवक चित्रं दाखवायचा सरकारी कंदील घेऊन आला. पत्र्याची पेटी, आत गॅसबत्ती, पुढं पितळी नळी आणि तिच्यात भिंग. पेटीत काच घातली की समोरच्या चादरीवर हातभर मोठं चित्र उमटायचं. काच मात्र उलटी घालावी लागायची, कारण भिंगातून खालचं वर आणि वरचं खाली होतं. सरकारी काचा म्हणजे डास, कंपोस्टचा खड्डा आणि देवीची लस. दोन फेऱ्यांत गाव डासाला कंटाळलं. ग्रामसेवक दौऱ्यावर गेला की पेटी शाळेत मुनवरच्या ताब्यात राहायची.

धोंडप्पानं ती काडी टाकली. धोंडप्पा किराणा दुकानदार, किताबीचा सगळ्यांत जुना श्रोता, आणि चुका काढण्यात त्याचा हात धरणारा तालुक्यात नाही. तो म्हणाला, "मास्तर, डास लई झाले. पेवाची किताब दावा की ह्यात. काचा रंगवायला तुमच्यापरीस कोण हाय?"

मुनवरनं नाही म्हणून बघितलं. शेवटची पानं हरवली म्हणाला. तेही खोटं. पानं माझ्या घरी कणगीत ठेवलेली होती आणि त्यांत काय आहे ते आम्हा दोघांना पाठ होतं. हाकेला ओ येत नाही, दोर ओढतात, आणि दोर रिकामा वर येतो. एवढंच. पण गाव हट्टाला पेटलं. पानं नसली तर नसली, मास्तर शेवट रचतील. आणि मग एका सकाळी हुसेनबी शाळेच्या दारात येऊन म्हणाली, "काड रं मुनवर. माझ्या बाबूचं काड." त्यानंतर नाही कुणी म्हणायचं?

महिनाभर तो काचा रंगवत होता आणि महिनाभर गाव त्याच्या डोक्यावर बसलं होतं. वर्षानुवर्षं कानानं ऐकलेली गोष्ट, ज्याच्या त्याच्या डोक्यात वेगळी तयार होती. पितळी बैठक चौरंगासारखी होती असं एक टोळकं म्हणायचं, दुसरं म्हणायचं पाळण्यासारखी. बिनतोंडाच्या माणसांना मिशा असाव्यात की नाही यावर चावडीत दोघं हमरीतुमरीवर आले. मुनवरनं एका काचेवर त्यांना निळं रंगवलं तर धोंडप्पा भडकला.

"निळी कुटनं आली मास्तर? किताबात राखाडी म्हनलं व्हतं."

"किताबात रंगच सांगितला नाही, धोंडप्पा."

"मंग तुमी वाचताना राखाडी वाचलं व्हतं. आमी ऐकलंय."

मुनवरनं ती राखाडी केली. मी असतो तर काच त्याच्या डोक्यात घातली असती.

हुसेनबी रोज यायची. तिचं कशालाच काही म्हणणं नसायचं. भिंतीला टेकून बसायची आणि जाताना एकच विचारायची, "शेवट कवा काडतूस?" एकदा म्हणाली, "बाकी कसंबी काड. त्यो कुटं पोचला तेवडं नीट दाव."

ती गेल्यावर मुनवरनं कुंचला ठेवला. "उत्तऱ्या, आता सांगू या तिला."

"अकरा वर्षांनी? आता मारायचीय का तिला?"

"ती रोज त्याची वाट बघतीय."

"म्हणूनच जगतीय."

आमचं त्या दिवशी चांगलंच वाजलं. शेवटी त्यानं शेवटच्या दोन काचा केल्या. एकीवर किताबीप्रमाणं रिकामा दोर. दुसरीवर बाबामियाँ पेवाच्या तोंडातून अर्धा वर आलेला, हसरा, खांद्यावर कापसाचे तंतू. चेहरा त्यानं ताबुताच्या पद्धतीनं राळेच्या रंगात दाट भरला होता, बाकी रेघा काजळीच्या शाईनं. चेहरा इतका हुबेहूब होता की मी काच पालथी घातली. मागं त्यानं आणखी काय काय काढलंय तिकडं माझं लक्ष गेलं नाही. त्याचंही नसावं.

खेळ दुपारी ठेवला. कारण त्या सप्टेंबरापासून हुसेनबी दिवेलागणीनंतर उंबरा ओलांडत नव्हती. धोंडप्पानं आपलं गोदाम दिलं, खिडक्यांना गोणपाटं ठोकली, फटींत चिंध्या कोंबल्या. बाहेर वैशाखाचं ऊन आणि आत डोळ्यात बोट घातलं तरी कळू नये असा अंधार, ज्वारीचा आणि रॉकेलचा वास, दोन-तीनशे माणसं. समोर धोंडप्पाचं धोतर ताणून बांधलेलं. हुसेनबी सगळ्यांत पुढं, जिथं चावडीवर बाबामियाँ बसायचा साधारण तिथंच.

मी पेटीशेजारी उभा राहून मुनवरच्या हातात काचा देत होतो. शेवटच्या दोन मात्र त्याच्या सदऱ्याच्या दोन खिशांत होत्या. कुठली लावणार ते त्यानं मला सांगितलं नव्हतं. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "मला बी ठावं न्हाई."

पहिल्या दोन-चार काचांना लोक बोलत होते, चौरंग, पाळणा वगैरे. मग पितळी बैठक खाली जायला लागली तसं गोदाम शांत झालं. राखाडी माणसं धोतरावर आली. गोदामात वाऱ्याला जागा नव्हती, तरी धोतर हलत होतं आणि ती माणसं एका बाजूनं दुसऱ्या बाजूला किंचित सरकत होती. मुनवरनं पेटीच्या पत्र्यावर पेरांनी वाजवलं. टक्, टक्, टक्. एक बाई रडायला लागली. मला त्या पेरांवरची माती आठवली.

मग हाकेची जागा आली. हुंकारा कुणी द्यायचा हे ठरवायचं आमच्या लक्षातच आलं नव्हतं. मुनवर सवयीनं तोंडपाठ सांगत गेला, सवयीनं आवाज चढवला.

"बाबामियाँ हो!"

आणि अंधारातून, लांबून आल्यासारखी, ओ आली.

"हाऽय!"

मुनवरनं माझं मनगट धरलं. मी पुढं कित्येक दिवस एकेकाला विचारत फिरलो. धोंडप्पाला विचारलं, हुंकारा द्यायला हौसेनं पुढं होणाऱ्यांना विचारलं, पोराटोरांना दमात घेऊन विचारलं. सगळे म्हणाले, आम्ही ऐकली, दिली नाही. आजही मला वाटतं कुणीतरी खोटं बोललं असणार. असं वाटणं बरं पडतं.

मुनवरनं खिशात हात घातला. कुठल्या, ते अंधारात दिसलं नाही. काच आत सरकली आणि धोतरावर बाबामियाँ आला. पेवातून अर्धा वर, हसरा. माझा जीव भांड्यात पडला. लोक ओरडले, "आला! आला!" कुणी टाळ्या वाजवल्या, मागची माणसं उभी राहिली. धोंडप्पासुद्धा नाक शिंकरत म्हणाला, "ब्येस!"

उरली होती ती रिकाम्या दोराची काच, ती आता लावायची नव्हती, आणि लोक ती काढू देत नव्हते. बत्ती मागून फणफणत होती. ताबुतामागं पणती असते, तिची आच ती केवढी. गॅसबत्तीपुढं राळ किती टिकणार हे मुनवरच्या ध्यानात आलं नव्हतं. आधीच्या काचा पटापट बदलल्या म्हणून वाचल्या. ही राहिली, आणि राळ पाघळायला लागली. रंग काचेवरून खाली ओघळला. पण काच उलटी होती. त्यामुळं धोतरावर तो वर चढायला लागला.

बाबामियाँ पेवातून वर निघाला. आधी कपाळ वर गेलं, मग डोळे, मग ते हसू. सगळा चेहरा सावकाश वर चढत, लांब होत, धोतराच्या वरच्या काठापर्यंत गेला आणि तिथं अंधारात मिसळून गेला. मी काच ओढायला हात पुढं केला तर मुनवरनं तो धरला. तो धोतराकडं टक लावून बघत होता. काजळीच्या रेघा जशाच्या तशा होत्या. पेवाचं काळं तोंड राहिलं, आणि त्याच्या मागं एक झाड.

शांततेत धोंडप्पाचाच आवाज आला. त्याला भुताखेतांपेक्षा चूक जास्त छळायची.

"समदं ठीक हाय मास्तर. पण पेवापाशी झाड कुटनं आलं? हुसेनबीच्या अंगनात झाड न्हाय. किताबात बी झाड न्हाय."

पुढं कुणीतरी उठलं. धोतरावर सावली पडली.

"थांब, धोंडप्पा," हुसेनबी म्हणाली. ती झाडापाशी गेली, आणि तिचं बोट जमिनीला टेकलेल्या फांदीवरून फिरलं. "हिवर हाय. दोन खोडांचा. ह्यो कुनाच्या रानात हाय?"

गोदामातल्या निम्म्या माणसांना ते माहीत होतं.

"आमच्या," मी म्हणालो.

ती वळली. तोंड दिसत नव्हतं. "चल मंग," म्हणाली.

गोणपाट बाजूला करून आम्ही तिघं उन्हात आलो तेव्हा डोळे उघडवेनात. मागं गाव गोदामाच्या दारात उभं राहिलं, पुढं कुणी आलं नाही. धोंडप्पाही नाही. हुसेनबी पुढं, आणि मुनवर तिच्यामागं, चवड्यांवर.

हिवराखाली पोचल्यावर तिनं विचारलं, "डोकं कुठल्या अंगाला?"

मुनवरनं हात करून दाखवलं आणि मग तो तिच्या पायाशी कोसळला. "खाला, माफ करा. तुमाला कळलं तर तुमी सोताला—"

"कंदील सोडला व्हता म्या," हुसेनबी म्हणाली.

मुनवरनं मान वर केली.

"उतरवायच्या आदी सोडला. इझला. म्हनलं वारं लागलं. पुन्यांदा लावला, पुन्यांदा इझला. मानसं गल्लीत आली व्हती. बाबू म्हनला, अम्मा, सोड मला. म्या सोडला." ती जराही रडत नव्हती. "पयल्या दिसापास्नं ठावं व्हतं रं मला. दर जुमेरातीला बघायची, आता जळतूय का. तवा जळला न्हाय, आता जळतूय."

"मंग शेवट इचारत व्हता ते?" मुनवर कसाबसा म्हणाला.

"शेवट कशाला इचारू? जागा इचारत व्हते. मेलेल्याचा फातिहा पढायला जागा लागती मानसाला. तुमी म्हनायचा, पानं हरवली."

मला वाटलं होतं आम्ही तिला वाचवलं. अकरा वर्षं तिची कीव केली, सणाला तिला ज्वारी दिली, गल्लीतून हलक्या पायानं चाललो. आणि ती आमच्याकडं मागत होती ती तीन हात जमीन माझ्याच बांधावर होती. मला स्वतःची इतकी लाज पुन्हा कधी वाटली नाही.

हुसेनबीनं टाच उचलून जमिनीवर आपटली. एकदा, दोनदा. तिथली जमीन वाजली नाही.

"भरीव हाय," ती म्हणाली आणि खाली बसली. बसली ती नेमकी त्या वाकलेल्या फांदीजवळ. तिथं ती दरसाल खुरपणीला आली की बसायची. मी ते लांबून बघायचो आणि बैल दुसरीकडं वळवायचो.

"ह्याच्याच सावलीला अकरा वरसं भाकर खाल्ली म्या," ती म्हणाली. "येकदा बी हाक मारली न्हाय त्याला."

मग तिनं जमिनीवर हात ठेवला आणि हाक मारली. मोठ्यानं नाही. घरात जेवायला बोलवावं तशी.

"बाबामियाँ."

आम्ही तिघं थांबलो. मुनवरनं जमिनीकडं कान केला, आणि खरं सांगतो, मीही. दूर कुठंतरी मोट चालली होती. बाकी काही नाही.

हुसेनबीनं मान हलवली आणि जमिनीवरचा हात काढून घेतला.

"ओ न्हाय आली," ती म्हणाली. "आता दोर वढ, मुनवर."